अप्पांकडे ठेवलेला राग

अप्पांनी मला फसवलं. मी अप्पांना फसवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लातुरात अजून दोन-चार माणसं अशी आहेत जी हे उलटं सांगतात. म्हणतात, दलाल दुष्काळात म्हाताऱ्याच्या आडाचं पाणी प्याला आणि आता त्याच्याच नावानं ओरडतो. पाणी प्यालो, पण ठरल्याप्रमाणे प्यालो. अप्पांनी मात्र माझी त्यांच्याकडे असलेली अमानत माझ्या माघारी दुसऱ्याला वापरायला दिली. अमानत म्हणजे माझा राग.

ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं. मी थांबतो. आज मला थांबता येतं, आणि गाऱ्हाणं तेच आहे.

मी जळकोटकडचा. बापाकडून आडनाव सोडून काही मिळालं नाही. हाळीच्या बैलबाजारात बारा वर्षं दलाली केली आणि त्या बारा वर्षांत मला कुणी फसवू शकलं नाही. आमच्या धंद्यात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून बोलायचं. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. रुमाल निघाला की शब्द फिरत नाही, मग घर बुडालं तरी. या धंद्यात कुणाचं हत्यार गोड बोलणं असतं, कुणाचं रडणं. माझं हत्यार राग. मी सौद्यातून तीनदा उठून जायचो, पटका जमिनीवर आपटायचो, बैलाच्या मालकाच्या सात पिढ्यांची अक्कल काढायचो. चौथ्यांदा बसलो की समोरचा घाईला आलेला असायचा. लोकांना वाटायचं नाटक आहे. नाटक नव्हतं. राग खरा होता, फक्त वेळेवर यायचा.

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमाराला पाऊस गेला. लोक म्हणायचे, जिल्हा वेगळा निघाला तेव्हा वाटणीत पाऊस जुन्या जिल्ह्याकडंच राहिला. हाळीच्या बाजारात माणसं बैल घेऊन यायची आणि कुणी काही म्हणायच्या आधीच दावं हातात द्यायची. समोरचा नाही म्हणत नसेल तर दलालानं करायचं काय? रागाला समोर भिंत लागते. मी बाजार सोडला आणि लातूरला आलो. तिथं नवी कचेरी झाली होती, तालुक्या-तालुक्यांतून माणसं कागद घेऊन येत होती आणि दिवसभर उन्हात उभी राहत होती. कचेरीच्या भिंतीला लागून मी लाकडी टपरी टाकली आणि चहा सुरू केला. पुढे आणखी सहा टपऱ्या झाल्या, पण फाटकाजवळची पहिली माझी.

खोली अप्पांकडे मिळाली. त्यांच्या तेलघाण्यामागे पत्र्याच्या चार खोल्या होत्या. घाण्याचा बैल मीच त्यांच्या वतीनं हाळीला विकला होता, त्या ओळखीवर. अप्पा काटक म्हातारा. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. पहिल्याच दिवशी उजाडताना उठलो तर हा माणूस घाण्याभोवती एकटाच गोल फिरत होता. खांद्यावर घाण्याची दांडी.

म्हटलं, "अप्पा, काय करायलाव हे?"

"घाणा चालवायलाय."

"बैल कुठाय?"

"तूच इकलास की."

"मग तेल कशाचं काढायलाव?"

"करडई कुठाय तेलाला? दुष्काळ हाय." फेरा चालूच होता. "बैल गेला, करडई गेली. आता फेरे बी गेले तर काय राहिलं? उद्या करडई आली, बैल आला, अन् माझी सवय मोडली असली तर?"

मी म्हटलं, फिरायची सवय बैलाला होती, तुम्ही तर त्याच्या मागं दांडीवर बसायचा. अप्पांनी एक अख्खा फेरा यावर विचार केला.

"हाव. मला बसायची सवय होती. पर बसायचं तर कुणीतरी वढाय पाहिजे. आधी वढायची सवय लावून घेतो, मग बसायचं बघू."

रोज चाळीस फेरे. मोजायला चिंचोके. सदऱ्याच्या डाव्या खिशात चाळीस चिंचोके घेऊन निघायचे, प्रत्येक फेऱ्याला एक उजव्या खिशात. एकदा चिंचोका वाटेत पडला तर एकोणचाळीसच भरले. अप्पा चाळिसावा सापडेपर्यंत फिरत राहिले. अकरा वाजेपर्यंत. शेवटी त्यांच्या सुनेनं घरातला दुसरा चिंचोका आणून दिला तर म्हणाले, "ह्यो न्हाई. ह्यो फिरलेला न्हाई."

अप्पांचं सगळं तत्त्वज्ञान सवयीचं होतं. माणूस हुशार असतो, कष्टाळू असतो, हे त्यांना मान्य नव्हतं. माणूस फक्त सवय लागलेला असतो किंवा न लागलेला. आळशी कुणी नसतो, त्याला बसायची सवय भारी लागलेली असते, एवढंच. आणि नवी सवय कशी लावायची, तर खोंड शिकवतात तशी. "पहिल्या दिशी खोंडाला जू नुस्तं दाखवायचं. दुसऱ्या दिशी हुंगू द्यायचं. तिसऱ्या दिशी मानंवर ठेवून लगेच काढायचं. जो पहिल्या दिशी नांगराला जुंपतो त्याचं खोंड जू बघितलं की पळतं. माणूस बी तसाच हाय. येका दिशी सुधरायला जातो अन् दुसऱ्या दिशी पळतो."

दुसरी गोष्ट, खोंड एकटं जुंपायचं नाही. जुन्या बैलाच्या जोडीला बांधायचं. मला त्यांनी विचारलं, "तू रोज न चुकता काय करतूस?" म्हटलं, तंबाखू मळतो. "मग ती तुझा जुना बैल. तिच्या जोडीला काहीतरी बांध." तेव्हापासून मी तंबाखू मळली की आधी एक पेला विसळायचो. दिवसात पंधरा वेळा मळायचो. टपरीवर घाणेरडा पेला राहिना. कबूल करतो, हे मला अजून उपयोगी पडतं.

आडाचंही तसंच. सगळ्या गल्लीचे आड आटले, अप्पांच्या आडाला मात्र तळाशी पाणी होतं. नियम एकच. पहाटे पाचला आड उघडायचा, साडेपाचला बंद. हजर असेल त्याला दोन घागरी. साडेपाचनंतर आड झोपतो. त्याला पण सवय असते म्हणे, अवेळी उठवला की चिडतो आणि आटतो. एकदा नव्या कचेरीतल्या एका साहेबाचा शिपाई सकाळी सहाला जीप आणि पिंप घेऊन आला. अप्पा म्हणाले, "साहेबाला सांग, आड झोपला."

शिपाई वाकून बघत म्हणाला, "अप्पा, पाणी दिसायलंय की वरून."

"काही माणसं डोळे उघडे ठेवून झोपतात. म्हणून त्यांच्याशी बोलायचं असतं का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला साहेब स्वतः लुंगी नेसून, हातात घागर घेऊन ओळीत उभा. माझ्या मागे. पुढं रोज यायला लागला. त्याच्या टेबलावरचे कागद त्या काळात लवकर हलतात असं टपरीवर लोक बोलायचे. लवकर उठल्यामुळं त्याला दुपारी झोप यायची आणि झोप येऊ नये म्हणून तो सह्या करायचा.

पण हे पुढचं. सुरुवातीला पाचला उठणं मला जमणारं नव्हतं. मी अप्पांना म्हटलं, माझ्यासाठी वेळ पुढं घ्या. अप्पा म्हणाले, तू बाजारचा माणूस, टाक रुमाल. टाकला. त्यांनी चार बोटं धरली, म्हणजे चारला उठ. मी सहा दिली. ते हलेनात. मी दोनदा उठून गेलो, त्यांच्या घाण्याला लाथ मारली, परत बसलो. शेवटी पाच बोटांवर आणलं. जिंकून आलो म्हणून छाती पुढं काढून खोलीत शिरलो तर शेजारच्या खोलीतले मास्तर हळूच म्हणाले, "भाऊ, आड तर पाचलाच उघडतो."

हे मास्तर नीट सांगितले पाहिजेत, कारण सगळा प्रकार त्यांच्यापाशी येऊन पोचतो. ते नांदेडकडच्या नायगावचे. लातुरातल्या एका शाळेत सहा वर्षं शिकवत होते आणि अजून कायम झाले नव्हते. कायम होण्याची गोष्ट काढायला ते मुख्याध्यापकाच्या खोलीत जायचे आणि मुख्याध्यापकाच्या गाईला कडबा आणायचं काम घेऊन बाहेर यायचे. आवाज इतका बारीक की शेवटच्या बाकावरची पोरं त्यांचं बोलणं हावभावांवरून ओळखायची. अप्पांनी त्यांना सवय लावून दिली होती. पाचला आडात वाकायचं आणि एकदा 'नाही' म्हणायचं. मास्तर रोज वाकून म्हणायचे, "नाही." खालून आडाचा आवाज यायचा, मास्तरांपेक्षा मोठा. मास्तर दचकून म्हणायचे, "माफ करा."

"प्रगती हाय," अप्पा मला म्हणायचे. "आधी तो आडाला वाकून नमस्कार करायचा."

आता माझ्या सौद्याकडे येतो. टपरीवर एक कारकून रोज चहाला नावं ठेवायचा. एकदा म्हणाला, "ह्याच्यात चहा कमी अन् दुष्काळ जास्त हाय." मी किटली उचलली आणि रस्त्यावर ओतली. त्याच्या अंगावर नाही, रस्त्यावर. दोन घागरींतलं सकाळचं सगळं पाणी त्यात गेलं. कारकून मागं सरला, त्याच्यामागं उभी माणसंही सरली. सगळे खाली बघत होते. पाणी मातीत जाताना त्या दिवसांत माणसं अशी बघायची जशी प्रेताकडे बघतात. एक म्हातारी बाई कागद काखेत धरून तिथून निघून गेली. तिच्यामागं बाकीचे शेजारच्या टपरीवर गेले. दिवसभर माझ्याकडं कुणी आलं नाही. पाणी नाही तर चहा नाही, आणि चहा नाही तर टपरी नाही. टपरी गेली असती तर मला परत जळकोटला जाऊन, ज्यांना मी बाजारात शिव्या दिल्या होत्या त्यांच्या बांधावर उभं राहावं लागलं असतं. मी अप्पांकडं तिसरी घागर मागायला गेलो.

"सांडल्या पाण्याला आड जबाबदार न्हाई," अप्पा म्हणाले. मग, "तिसरी घागर देतो. रोज. तुझा राग माझ्याकडं ठेव."

"इकत मागायलाव?"

"मला काय करायचाय इकत घेऊन? या वयात सोसत न्हाई. अमानत ठेव. मुद्दत सांग."

रुमाल पडला. मास्तर साक्षीला होते. अप्पांनी तीन बोटं धरली, तीन पावसाळे. मी एक दिलं. तीनदा उठलो. पटका आपटला. अप्पांच्या सवयींना, घाण्याला, त्या चाळीस चिंचोक्यांना शिव्या दिल्या. अप्पा बसूनच. शेवटी एका बोटावर आले. पहिला पाऊस पडेपर्यंत. रुमाल निघाला.

मग त्यांनी तेलाचा एक रिकामा डबा आणला आणि म्हणाले, "घाल ह्याच्यात." मी डब्यात तोंड घालून हाळीच्या बाजारातल्या दहा-बारा निवडक शिव्या दिल्या. मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. अप्पांनी झाकण लावलं आणि डबा देवाच्या फळीखाली ठेवला. अटी अशा: राग लागला की टपरी सोडून इथं यायचं, कुणासाठी पाहिजे ते सांगायचं, दिवस मावळायच्या आत परत आणून ठेवायचा. आणि दावं रिकामं ठेवायचं नाही, तिथं दुसरं जनावर बांधायचं. म्हणून आत काही उसळलं की आधी समोरच्याला विचारायचं, चहा घेता का.

पहिल्या आठवड्यात मी सात-आठ वेळा गेलो. टपरी ते घर भरभर चाललं तरी दहा मिनिटं.

"कुणासाठी पाहिजे?" अप्पा फेरा घालत विचारायचे.

"दूधवाल्यासाठी. पाणी घालायलाय दुधात."

"ह्या दुष्काळात पाणी घालायलाय? मग तो तर दानशूर हाय. किती लागंल?"

"थोडासा. पावशेर."

"सुटा मिळत न्हाई. आख्खा न्यावा लागंल. अन् टपरीवर कोण हाय आत्ता?"

टपरीवर कुणी नसायचं. स्टोव्ह पेटलेला असायचा. मी तसाच पळत परत जायचो. महिन्याभरात जाणं कमी झालं, मग थांबलं. कुणी काही बोललं की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "चहा घेता का." माणसं बसायची. वाढली. तो कारकूनही येऊ लागला. पाचला उठायचो, तीन घागरी भरायचो, उजाडायच्या आत पहिली किटली उकळायची. मी खोटं बोलणार नाही, त्या चार महिन्यांत मी जेवढं काम केलं तेवढं हाळीत बारा वर्षांत केलं नव्हतं.

आणि मग तो सोमवार आला. कचेरीची भिंत मोकळी करायची म्हणून ट्रॅक्टर आणि पाच-सहा माणसांचं पथक आलं. कुणाकडं काही कागद नव्हता, नुसता तोंडी हुकूम. बाकीच्या सहा टपरीवाल्यांनी आरडाओरडा सुरू केला. एकजण चाकापुढं आडवा झाला. एकानं सदरा फाडून घेतला, स्वतःचाच. मला कळत होतं की ही वेळ आहे. हेच ते, ज्यासाठी माणसाकडं राग असतो. मी टपरी तशीच सोडली आणि अप्पांकडं पळालो.

"अप्पा, डबा काढा. आख्खा पाहिजे."

अप्पा फेरा घालत होते. थांबले. अप्पांना फेऱ्यात थांबलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"डबा हाय. पर रिकामा हाय. मास्तर घेऊन गेला."

"काय?"

"आज त्याची कायम व्हायची बैठक हाय शाळेत. सकाळी आला, म्हणला, अप्पा, आडात रोज 'नाही' म्हणायलो, पण वर येऊन तोंडातून निघत नाही. एकाच दिवसासाठी द्या. दिला. संध्याकाळी आणून ठिवतो म्हणला."

 काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेता का, अप्पा?"

परत टपरीवर पोचलो तेव्हा पथकाचा मुकादम कपाळ पुसत उभा होता. सहाजण ओरडून ओरडून लाल झाले होते. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सगळी ताकद लावली. आजही सांगतो, आतून काहीतरी आलंच होतं, गळ्यापर्यंत आलं होतं. बाहेर आलं ते, "साहेब, चहा घेता का?"

घेतला. सगळ्यांनी घेतला. ट्रॅक्टरवाल्यानं दोन घेतले. मग मुकादम म्हणाला, "हे काका समजूतदार हायत. ह्यांच्यापासनं सुरुवात करा." पेले विसळून मी त्यांच्याच हातात दिले. टपरी ट्रॉलीत चढवताना एका बाजूनं मी हात लावला. एका टपरीनं ट्रॉली भरली. बाकीच्यांना ते म्हणाले, उद्या येतो. उद्या ते आले नाहीत, कारण सहाजणांचा आरडाओरडा एका पुढाऱ्याच्या कानावर गेला आणि प्रकरण थांबलं. त्या सहा टपऱ्या तिथंच राहिल्या. आज तिथं सहा पक्की दुकानं आहेत, लोखंडी शटरची. फाटकाजवळची पहिली जागा मोकळी आहे. तिथं सायकली लावतात.

त्याच दुपारी शाळेत काय झालं ते मला चहा प्यायला येणाऱ्यांकडून कळलं असतं, पण टपरीच नव्हती, म्हणून अप्पांच्या सुनेकडून कळलं. मास्तर बैठकीत उभे राहिले आणि असे कडाडले की मुख्याध्यापकाच्या हातातला पेन खाली पडला. मास्तरांनी पटका घातलेला नव्हता, म्हणून त्यांनी हजेरीपट आपटला. तीनदा उठून बाहेर गेले. चौथ्यांदा आत आले तेव्हा कागदावर सही झालेली होती.

संध्याकाळी मी अप्पांसमोर बसलो. म्हटलं, "राखणीला ठेवलेला बैल दुसऱ्याच्या औताला जुंपत न्हाईत. कोणत्याबी बाजारात जाऊन इचारा."

अप्पा म्हणाले, "खरं हाय. पर उभा बैल बिघडतो, हे बी इचार. पाय धरतात त्याचे. चार महिने डब्यात उभा होता. जरा फिरवून आणला तर काय चुकलं?"

"तुम्हाला फिरवायचा होता तर मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तुला राग आला असता."

मी एकदा उठून गेलो आणि परत येऊन बसलो. 

मास्तर रात्रीच्या जेवणाआधी डबा घेऊन आले, खाली ठेवला, झाकण लावलं. माझ्याकडं बघवत नव्हतं त्यांना. पण दुसऱ्या दिवशी पाचला आडावर ओळीत कुणीतरी पुढं घुसलं आणि मागून असा आवाज निघाला की आड आणि आम्ही सगळे एकदम गप्प झालो. मास्तर स्वतःच घाबरून म्हणाले, "भाऊ, देवाशपथ मी ठेवला होता डब्यात. तो माझ्यामागं परत आला."

आणि धंद्याच्या माणसाला यावर बोलता येत नाही. जनावर जिथं पोटभर खायला मिळतं तिथं दावं तोडून जातं. माझ्याकडं चार महिने त्याला काही मिळालं नव्हतं. मास्तरांकडं सहा वर्षांचा साठा होता.

पाऊस पुढच्या मृगात पडला. मुद्दत संपली. अप्पांनी डबा माझ्या हातात दिला. मी उघडून त्यात तोंड घातलं. तेलाचा जुना वास आला, बाकी काही नाही. अप्पा म्हणाले, "हळूहळू यील. पहिल्या दिशी नुस्तं हुंगायचं." मी रोज हुंगलं. महिनाभर. मग डबा त्यांच्या फळीखाली परत ठेवला आणि तिसरी घागर चालू राहिली.

अप्पा पुढं दोन वर्षांनी गेले. पहाटे, पाचला दहा मिनिटं कमी असताना. चिंचोके खिशात होते, अजून सगळे डाव्या बाजूला. सून बाहेर येऊन सांगून गेली. आम्ही सगळे ओळीत उभे होतो, साहेबही होता. कुणी हललं नाही. पाच वाजले, आड उघडला, प्रत्येकानं दोन-दोन घागरी भरल्या, साडेपाचला झाकण लावलं आणि मगच आम्ही रडायला आत गेलो. मी तीन भरल्या. तिसरी ठरलेली होती.

पुढं मी उदगीर रस्त्याला हॉटेल काढलं, आता दोन आहेत. लोक म्हणतात, थंड डोक्याचा माणूस. थंड डोकं म्हणजे काय हे मला विचारा. नोकर पेला फोडतो, मी त्याला चहा विचारतो. गेल्या वर्षी माझ्या जावयानं माझ्यासमोर माझ्या पोरीवर हात उचलला आणि मी उठलो आणि माझ्या तोंडून तेच तीन शब्द निघाले. पोरगी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मी इथं लिहीत नाही. तिला मी त्याच दिवशी घरी आणलं, ते बरोबर केलं. पण तिला त्या क्षणी आवाज पाहिजे होता आणि बापाकडं तो नव्हता.

म्हणून गेल्या महिन्यात मी नायगावला गेलो. मास्तर मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेत. घर विचारायची गरज पडली नाही, आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. नातवाच्या वहीवर चिडले होते. मी दारात उभा राहून ऐकलं. चार मालक फिरून आलेला बैलही चालीवरून ओळखू येतो. शब्द मास्तरांचे होते, पण चढ माझा होता, मध्ये घेतलेला श्वास माझा होता, आणि एक शिवी तर हाळीची होती जी नायगावात कुणी देत नाही.

मला बघून त्यांनी वही मिटली. जुन्या बारीक आवाजात म्हणाले, "भाऊ. न्यायला आलात काय?"

मी सांगितलं, न्यायला नाही. या वयात तो माझ्याकडं राहायचाही नाही. एक काम आहे. लातूरला चला, कचेरीच्या भिंतीपुढं, जिथं सायकली लावतात तिथं उभे राहा आणि एकदा ओरडा. माझ्या वतीनं. त्या सोमवारी सहाजण ओरडले होते. सातवा आवाज निघायचा राहिला आहे.

मास्तर म्हणाले, "आता तिथं कुणावर ओरडू, भाऊ? मुकादम मेला. ट्रॅक्टरवाला मेला. लोक येडं म्हणतील."

हे उत्तर नाही. अप्पांच्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, डबा भंगारात गेला, बाबांच्या गोष्टी बाबांबरोबर गेल्या. हेही उत्तर नाही. अमानत ठेवणारा मेला म्हणून अमानत मरत नाही. पोरगी विचारते, अण्णा, तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत, आणि तिला मी काय सांगायचं हे यातला कुणीही मला सांगत नाही.

मास्तर, जनावर तुमच्या दावणीला आहे. तुमचं काम त्यानं केलं, तुमची नोकरी त्यानं राखली, तुमच्या शाळेत दोन पिढ्या त्याला घाबरल्या. माझ्यासाठी तो एक दिवसही चालला नाही. नांदेडहून लातूरला गाडी दर तासाला आहे. येणार की नाही ते सांगा. येणार नसाल, तर माझ्या घरी या आणि पोरीसमोर बसून, तिच्या बापाचा आवाज तुमच्याकडं का आहे, याचा जबाब तिला तुम्ही द्या.